पृष्ठभागाला चिकटलेले वायू : वाचकांचे प्रश्न

सिलिका जेलच्या पुडीपासून निर्वात पेटीच्या भिंतीपर्यंत, घन पदार्थ वायू कसे धरतात आणि कसे सोडतात याविषयी आलेल्या प्रश्नांतले काही येथे घेतले आहेत. काही प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : शोषण आणि अधिशोषण यांत खरंच फरक आहे, की तो फक्त परीक्षेपुरता आहे? स्पंज पाणी पितो तसाच कोळसा वायू पितो ना?

फरक खरा आहे आणि कामाच्या वेळी तो नडतो. कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात जातो तेव्हा तो द्रावणभर मिसळतो, ते शोषण. कोळशाच्या बाबतीत वायू कार्बनच्या आत विरघळत नाही, त्याच्या पृष्ठभागावर बसतो, ते अधिशोषण. घनाच्या आतल्या अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू मोकळी असते आणि त्या बाजूचं आकर्षण जवळून जाणाऱ्या रेणूला धरतं. कोळसा वायू ओढून घेतो हे शेले आणि फाँताना या शास्त्रज्ञांनी १७७०च्या दशकातच पाहिलं होतं, पण या क्रियेला आजचं वेगळं नाव रूढ झालं ते १८८१मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कायझर यांच्या लेखनातून.

पृष्ठभागच काम करत असेल तर तो भरपूर हवा. चांगल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या (वायू धरण्यासाठी मुद्दाम सच्छिद्र केलेल्या कोळशाच्या) एका ग्रॅमचं पृष्ठफळ १००० चौरस मीटरच्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ पाव एकर. हे क्षेत्र कणाच्या बाहेरच्या अंगावर नसतं. ते २ नॅनोमीटरहून अरुंद रंध्रांच्या भिंतींवर असतं. म्हणून कोळसा कुटून बारीक केला तर वायू आत लवकर पोहोचतो, पण एकूण किती मावतो यात फारसा फरक पडत नाही.

धरण्याचे दोन प्रकार आहेत. भौतिक अधिशोषणात रेणू जसाच्या तसा राहतो, बंध साधारण ४० किलोज्यूल प्रति मोलच्या आतला असतो, आणि दाब कमी केला किंवा थोडी ऊब दिली की रेणू सुटतो. रासायनिक अधिशोषणात पृष्ठभागाशी खरा बंध तयार होतो, तोही एकाच थरापुरता, आणि तो तोडायला बरीच उष्णता लागते. अमोनियाच्या कारखान्यात लोखंडी उत्प्रेरकावर नायट्रोजनचा रेणू फुटून अणूंच्या रूपात बसतो, तो या दुसऱ्या प्रकारातला. तिथली पायरी-पायरी उलगडणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ एर्टल यांना २००७चं नोबेल मिळालं.

प्रश्न : अधिशोषणात नेहमी उष्णताच का बाहेर पडते?

मोकळा फिरणारा रेणू एका जागी बांधला गेला की एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंची विस्कळीत फिरण्याची मोकळीक, घटते. तरीही क्रिया आपसूक घडते, याचा अर्थ ती घट भरून काढायला उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. म्हणूनच थंडाव्यात जास्त वायू धरला जातो आणि तापवल्यावर सुटतो. या साध्या गोष्टीचा त्रास कुठे होतो ते शेवटच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : उपकरणांच्या डब्यात ओलावा येऊ नये म्हणून सिलिका जेल ठेवावं की मॉलिक्युलर सीव्ह? आणि परत वापरण्यासाठी ते कसं तापवायचं?

डब्यात किती कोरडेपणा हवा, त्यावर ते ठरतं. सिलिका जेल पाणी किती घेईल हे भोवतालच्या सापेक्ष आर्द्रतेवर अवलंबून असतं. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर ते स्वतःच्या वजनाच्या ३५ टक्क्यांपर्यंत पाणी धरतं. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की तेच जेल साधारण १० टक्क्यांवर थांबतं. पाकिटावर छापलेला मोठा आकडा दमट हवेचा असतो आणि आपल्याला डबा तर कोरडा हवा असतो. मॉलिक्युलर सीव्ह म्हणजे ठरावीक मापाची रंध्रं असलेला, झिओलाइट नावाचा स्फटिकी पदार्थ. त्यातलं ४ए जातीचं सीव्ह जास्तीत जास्त वीस-बावीस टक्केच पाणी घेतं, पण त्यातला बहुतेक भाग अगदी कोरड्या हवेतूनही खेचून घेतं. लेन्स, कागदपत्रं, हत्यारं यांना जेल पुरेसं आहे. द्रावकातला शेवटचा ओलावा काढायचा असेल तर सीव्हच लागतं.

जेल तापवताना ते ताटलीत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाडीच्या थरात पसरा. रंग बदलणारं नारंगी जेल ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका, कारण रंगद्रव्य जळून ते तपकिरी पडतं आणि मग ते कोरडं की ओलं हे कळत नाही. साधं पांढरं जेल १५० अंशांपर्यंत चालतं. तीनेक तास गेले की वजन करा, पुन्हा अर्धा तास ठेवून परत वजन करा. आकडा बदलला नाही तर झालं. रंगावर विसंबण्यापेक्षा वजन केव्हाही बरं. निळ्याचं गुलाबी होणारं जुनं जेल कोबाल्ट क्लोराइडचं असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. त्याची धूळ उडवू नका, शक्य असेल तर ते बदलूनच टाका.

सीव्हला २५० ते ३०० अंश आणि निदान तीन-चार तास लागतात. १२० अंशांवर रात्रभर ठेवून सीव्ह ‘सुकवलं’ असं समजणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्या तापमानाला त्यात बरंच पाणी मागे राहतं. गरम माल उघड्यावर निववू नका, नाहीतर तो निवता निवता हवेतला ओलावा परत घेतो. पण फणफणीत असताना बाटलीचं झाकण घट्टही लावू नका. आतली हवा आकसते आणि झाकण उघडता उघडत नाही. हाताला सोसवेल इतकं झाल्यावर ते बंद करा.

सीव्हच्या नावातला अंक रंध्राच्या तोंडाचा आहे, ढोबळमानाने अँगस्ट्रॉममध्ये : ३एमध्ये पोटॅशियम, ४एमध्ये सोडियम, ५एमध्ये कॅल्शियम असतं. इथेनॉल सुकवायला ३ए घ्यावं, कारण त्याच्या तोंडातून पाणी आत जातं आणि इथेनॉल बाहेर राहतं. ४ए घेतलं तर अल्कोहोलही आत शिरून पाण्याची जागा अडवतं.

ताजं तापवलेलं सीव्ह द्रावकात टाकलं की बुडबुडे येतात, ते पाहून काही जण घाबरतात. निवताना सीव्हने हवेतला नायट्रोजन आत घेतलेला असतो. पाणी येऊन त्याला हुसकावतं. जोडीला उष्णताही निघते. त्यामुळे बाटली लगेच बंद करू नये. कोरडे मणी तळहातावर घेऊन त्यांवर पाणी घालण्याची गंमतही नको, चटका बसतो.

प्रश्न : कोळशाच्या डबीचा मास्क कितीतरी विषारी वायू अडवतो. मग कार्बन मोनॉक्साइड का अडवत नाही?

कारण कोळसा वायूचं विषारीपण पाहत नाही, त्याला द्रवरूपात आणणं किती सोपं आहे ते पाहतो. क्रांतिक तापमान (ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही ते तापमान) जितकं वरचं तितका वायू कोळशाला घट्ट चिकटतो. पाठ्यपुस्तकांत एक जुना तक्ता असतो : १५ अंश सेल्सिअसला एक ग्रॅम कोळसा सल्फर डायऑक्साइड ३८० मिलिलिटर, अमोनिया १८१, कार्बन डायऑक्साइड ४८, मिथेन १६ आणि हायड्रोजन जेमतेम ४.७ मिलिलिटर धरतो. कोळसा बदलला की आकडे बदलतात, क्रम सहसा तोच राहतो. कार्बन मोनॉक्साइड या रांगेत अगदी खाली आहे. त्याचा उत्कलनबिंदू उणे १९१.५ अंश, म्हणजे नायट्रोजनच्या जवळच. ज्या कोळशातून हवेतला नायट्रोजन आरपार जातो त्याने मोनॉक्साइड अडवावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यासाठी हॉपकॅलाइट वापरतात. ते मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांचं मिश्रण आहे. ते मोनॉक्साइड साठवत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड करतं. ओल लागली की ते निकामी होतं, म्हणून त्याच्या आधी सुकवणीचा थर हवाच.

वरच्या तक्त्यातला अमोनियाचा आकडा पाहून फसू नका. तो शुद्ध अमोनियाचा, वातावरणाइतक्या दाबाला मोजलेला आहे. मास्कसमोर येणारा अमोनिया हवेत काही शे दशलक्षांश (पीपीएम) इतका विरळ असतो आणि तेवढ्या दाबाला साधा कोळसा नगण्य अमोनिया धरतो. म्हणून अमोनियाच्या डबीतला कोळसा धातूंच्या क्षारांत भिजवून तयार केलेला असतो. दमट हवेत आणखी एक अडचण येते : सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की रंध्रांत पाणी साचतं आणि विरळ बाष्पांना जागा कमी पडते. डबी उघडून ठेवली तर ती न वापरताही संपत जाते. आणि डबी ‘भरत आल्याचा’ वास येईल या भरवशावर राहू नये. कित्येक वायूंचा वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते.

प्रश्न : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पूर्ण १०० टक्के ऑक्सिजन का देत नाही?

आर्गॉनमुळे. यंत्रातलं झिओलाइट नायट्रोजन धरतं, कारण नायट्रोजनचं चतुर्ध्रुव आघूर्ण (रेणूतल्या विद्युतभाराच्या असमान वाटणीचं माप) ऑक्सिजनपेक्षा मोठं आहे आणि झिओलाइटमधल्या सोडियम किंवा लिथियम आयनांशी त्याची जवळीक जास्त होते. आर्गॉन मात्र ऑक्सिजनसारखाच वागतो आणि त्याच्याबरोबर निघून येतो. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के, आर्गॉन ०.९३ टक्के. सगळा नायट्रोजन काढला तरी उरलेल्यात ऑक्सिजनचा वाटा ९५.७ टक्केच होतो. प्रत्यक्षात ९० ते ९५ मिळतो.

यंत्रात दोन नळकांडी आळीपाळीने चालतात : एकात दाबाखाली नायट्रोजन धरला जातो, तेव्हाच दुसऱ्यातला दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकला जातो. तो फुस्स आवाज येतो तो याचाच. हे चक्र काही सेकंदांचं असतं. शुद्धता हळूहळू घसरू लागली तर पहिला संशय ओलाव्यावर घ्या. पाणी झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा कितीतरी घट्ट बसतं आणि नुसता दाब सोडल्याने निघत नाही. तुंबलेला फिल्टर, गळकी झडप हेही असतंच.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत एकाच कोळशाचं बीईटी पृष्ठफळ एकदा ६४० आणि एकदा ९१० चौरस मीटर प्रति ग्रॅम आलं. यंत्र तेच, माणूस तोच. कोणता आकडा खरा?

कदाचित दोन्ही नाहीत. हा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पद्धत थोडक्यात अशी : नमुना निर्वातात तापवून त्यावरचे वायू काढून तो मोकळा करायचा (हे डीगॅसिंग), द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्व्हिनला थंड करायचा, थोडा थोडा नायट्रोजन सोडत प्रत्येक दाबाला किती चिकटला ते मोजायचं. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी (बीईटी ही त्यांचीच आद्याक्षरं) १९३८मध्ये दिलेल्या समीकरणातून एका थराला लागणारा वायू निघतो. एक नायट्रोजन रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरलं, तर प्रमाण स्थितीतल्या दर एक घन सेंटीमीटर एकपदरी वायूमागे ४.३५ चौरस मीटर येतात. हिशेब सरळ आहे. चुका हिशेबाच्या आधी होतात.

पहिली चूक वजनाची. एकदम ताजा कोळसा म्हणून जे नळीत घालता त्यात दहा-पंधरा टक्के पाणी सहज असू शकतं. भागायचं ते डीगॅसिंग झाल्यानंतरच्या वजनाने. आणि वजन करताना नळीत कोणता वायू आहे ते पाहा. १० मिलिलिटरच्या नळीत हवा असेल तर तिचं वजन १२ मिलिग्रॅम, हीलियम असेल तर जेमतेम पावणेदोन. रिकामी नळी हवेने भरलेली तोलली आणि नमुन्याची नळी हीलियमने भरून तोलली, तर १० मिलिग्रॅम नाहीसे होतात. नमुना १०० मिलिग्रॅमचा असेल तर ही थेट दहा टक्क्यांची चूक, आणि तीही पृष्ठफळ फुगवणारी. दोन्ही वेळा एकच वायू, तीच बुचं, नळीतली जागा भरणारा तोच काचदांडा.

नमुना किती घ्यावा? नळीत एकूण साधारण २० ते १०० चौरस मीटर येतील इतका. तुमच्या कोळशाचे ०.१ ग्रॅम पुरेत. अर्धा ग्रॅम घातला तर प्रत्येक बिंदू स्थिर व्हायला तासन्‌तास लागतात, आणि यंत्र घाईने पुढे गेलं तर आकडा कमी येतो. उलट एक-दोन चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या पुडीला नायट्रोजन सोडून क्रिप्टॉन घ्यावा.

दुसरी आणि मुख्य चूक डीगॅसिंगची. ६४०च्या मागे बहुधा हीच आहे. कोळशाला निर्वातात २५० ते ३०० अंश, निदान सहा तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. झिओलाइटला ३५० लागतात, पण तिथे आधी १०० अंशांच्या आत थांबून बरंचसं पाणी जाऊ द्या. एकदम तापवलं तर वाफेने जाळीच मोडते. सेंद्रिय-धातू जाळ्या (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेले सच्छिद्र स्फटिक) इतकं सोसत नाहीत, त्यांना त्यांच्या विघटनाच्या तापमानापेक्षा बरंच खाली ठेवावं लागतं. झालं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका : पंपाची झडप बंद करा आणि दाब पाहा. तो चढत असेल तर नमुना अजून वायू सोडतो आहे, नाहीतर सांध्यात गळती आहे. रिकाम्या नळीवर तीच चाचणी केली की दोन्हींतलं कोणतं ते कळतं. निर्वात हळूहळू उघडा. झटक्यात उघडला तर बारीक पूड उडून नळीच्या गळ्यात बसते. मापन थंड बल्बमधल्या पुडीचं होतं आणि भागाकार सगळ्या वजनाने.

तिसरी चूक दाबाची पट्टी निवडण्याची. सापेक्ष दाब म्हणजे वायूचा दाब भागिले संपृक्त दाब, ज्या दाबाला तो द्रव होऊ लागतो. त्याची ०.०५ ते ०.३० ही पुस्तकी पट्टी सपाट किंवा मध्यम रंध्रांच्या पदार्थांची आहे. तुमच्या कोळशाची रंध्रं अतिसूक्ष्म आहेत आणि ती ०.०५च्या आधीच भरलेली असतात. तीच पट्टी तिथे लावली तर रेषा बाहेरून सुंदर सरळ दिसते, पण समीकरणातला सी हा, पृष्ठभागाची पकड दाखवणारा, स्थिरांक ऋण निघतो, आणि ऋण सीला काही भौतिक अर्थ नाही. निकालाच्या कागदावर आधी सी पाहण्याची सवय लावा. मग असं करा : प्रत्येक बिंदूला चिकटलेल्या वायूला (१ वजा सापेक्ष दाब) याने गुणा. हा गुणाकार जिथपर्यंत वाढत जातो तिथपर्यंतचेच बिंदू घ्या. तो घसरू लागला की थांबा. सूक्ष्मरंध्री कोळशात ही पट्टी बरेचदा ०.१च्या खालीच संपते. ज्या दाबाला एक थर पुरा होतो तो दाबही निवडलेल्या पट्टीत पडायला हवा. तुमचे दोन आकडे दोन वेगळ्या पट्ट्यांतून आले असतील तर त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

द्रव नायट्रोजनकडेही लक्ष असू द्या. उघड्या भांड्यात दिवसभर राहिलेल्या नायट्रोजनमध्ये हवेतला ऑक्सिजन विरघळतो आणि त्याचं तापमान थोडं चढतं. फक्त ०.१ केल्व्हिनने संपृक्त दाब सुमारे ८ टॉरने (१ टॉर म्हणजे पाऱ्याच्या १ मिलिमीटरइतका दाब) वाढतो. भांड्यातला थर उतरला तर नळीचा थंड भाग कमी होतो आणि नळीतल्या वायूने भरलेल्या मोकळ्या जागेचा हिशेब बिघडतो.

हे सगळं नीट केल्यावरही, ०.७ नॅनोमीटरपेक्षा अरुंद रंध्रांत ७७ केल्व्हिनचा नायट्रोजन इतका संथ सरकतो की तो आत पोहोचलेला नसतो. तशी शंका आली तर बर्फपाण्यात, शून्य अंशाला, कार्बन डायऑक्साइडने मोजा. आणि मग निकालात वायू, तापमान, डीगॅसिंग आणि दाबाची पट्टी या चारही गोष्टी लिहा. त्यांच्याशिवाय ‘९१०’ हा नुसता आकडा आहे.

प्रश्न : त्याच यंत्राच्या आलेखात प्रत्येक नमुन्याला ३.८ नॅनोमीटरवर रंध्रांचं टोक दिसतं. सगळे नमुने सारखेच कसे?

ते टोक नमुन्याचं नाही, नायट्रोजनचं आहे. मध्यम रंध्रांत वायू केशाकर्षणाने द्रव होऊन साचतो, आणि दाब उतरवताना तो उशिरा सुटतो. म्हणून येण्या-जाण्याचे वक्र वेगळे दिसतात. पण ७७ केल्व्हिनला सापेक्ष दाब ०.४२च्या आसपास हा साचलेला नायट्रोजन टिकूच शकत नाही, तो एकदम सुटतो. संगणक ती उडी रंध्राच्या मापात बदलतो आणि ३.८वर खोटं टोक उभं करतो. वायू चढतानाच्या वक्रावरून रंध्रमापन काढा. टोक नाहीसं झालं तर ते आभासी होतं.

प्रश्न : आमची स्टीलची निर्वात पेटी टॉरच्या दहा लाखाव्या भागाशी अडून बसते. गळती कुठेच सापडत नाही.

बहुधा गळती नाहीच, भिंतीवर पाणी आहे. पेटी हवेला उघडली की तिच्यावर पाण्याचे थर बसतात. पाण्याची पकड अशी मधलीच असते की ते पंपाबरोबर लगेच निघत नाही आणि कायमचं बसूनही राहत नाही. दिवसचे दिवस ठिबकत राहतं. खात्री करण्यासाठी पंप तोडून दाब पाहा : गळती असेल तर तो सरळ रेषेत चढत जातो, भिंतीचं पाणी असेल तर चढ मंदावत जातो. वस्तुमान विश्लेषक (वायूचे रेणू वस्तुमानानुसार वेगळे दाखवणारं यंत्र) असल्यास १८चं टोक मोठं म्हणजे पाणी. २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) ही टोकं हवेच्या प्रमाणात दिसली तर गळती.

उपाय म्हणजे पंप चालू ठेवून पेटी १५० अंशांना २४ ते ४८ तास भाजणे. रबरी सील असतील तर त्यांची मर्यादा आधी तपासा. पेटीचा कुठलाही भाग, एखादी खिडकी किंवा नळीचा तुकडा, थंड राहू देऊ नका. बाकीकडून निघालेलं पाणी तिथे जाऊन बसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. पुढच्या वेळी पेटी उघडताना आत कोरडा नायट्रोजन सोडा आणि ती कमीत कमी वेळ उघडी ठेवा. या दाबाला भिंतीवर एक नवा थर सेकंद-दोन सेकंदांत बसू शकतो, त्यामुळे स्वच्छ पृष्ठभागावर काम करायचं तर याहून बरंच खाली जावंच लागतं.

प्रश्न : द्रावकाची बाष्पं पकडायला मोठी कोळशाची टाकी बसवतो आहोत. काही धोका आहे का?

दोन आहेत, आणि दुसरा फार थोड्यांना ठाऊक असतो.

पहिला आगीचा. अधिशोषणाची उष्णता हवेच्या प्रवाहाबरोबर निघून जावी लागते. मिथाइल इथाइल कीटोन, सायक्लोहेक्झॅनोन अशी कीटोनं कोळशावर बसल्यानंतर त्यांचं ऑक्सिडीकरणही होतं आणि उष्णतेत भर पडते. टाकी भरलेली असताना पंखा बंद केला तर कोळशाच्या पोटात एक गरम ठिकाण तयार होतं आणि ते धुमसू लागतं. बाहेरच्या तापमापकाला ते उशिरा कळतं, कारण कोळसा उष्णतेचा वाईट वाहक आहे. म्हणून बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र बसवा. आत धुमसायला लागलं की ते आधी सांगतं. नवा कोळसा पहिल्यांदा वापरताना ओलसर ठेवा, आणि काम थांबवण्याआधी काही वेळ स्वच्छ हवा किंवा वाफ सोडून बाष्पं कमी करा.

दुसरा धोका माणसाला आहे. ओला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन बंद जागेतल्या हवेतला ऑक्सिजन घेत राहतो. टाकी रिकामी दिसते, वास येत नाही, आणि आत उतरलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरला तर तोही. आत जाण्याआधी ऑक्सिजन वर, मध्ये आणि तळाशी मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. बाहेरून हवा सोडत राहा, मापक अंगावर ठेवूनच उतरा, आणि वर दोर धरून एक माणूस शेवटपर्यंत उभा हवा.